एकल, वृंद आणि यंत्र



वसंत व्याख्यानमालेत संगीतावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची एक अपेक्षा ठरलेली असते. वक्ता अब्दुल करीमखाँसाहेबांपासून सुरुवात करील, बालगंधर्वांपाशी थोडा रेंगाळेल आणि हल्लीच्या गाण्याला दोन शब्द सुनावून खाली बसेल. आज आम्ही थोडी आडवाट धरणार आहोत. रॉक वाद्यवृंदातला गायक आपल्या साथीदारांपासून बाजूला होतो, विजेच्या यंत्रांची संगत धरतो आणि एकट्याच्या नावावर गीतसंग्रह काढतो. ह्या घटनेत विचार करण्याजोगे काय आहे, हा आजचा विषय. विषय पश्चिमेकडचा वाटेल. पण त्याचे मूळ आपल्या परसात आहे.

येथून वेरूळच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात देवगिरीचा किल्ला दिसू लागतो. तेराव्या शतकात तेथे सिंघण यादवाचे राज्य होते आणि त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, घराण्यात वैद्यकीची विद्या, स्वतःकडे दरबारच्या हिशेबाचे काम. ह्या हिशेबनीस माणसाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. त्यात गायकाचे तीन प्रकार सांगितले आहेत : एकटा गातो तो एकल, दुसऱ्याच्या जोडीने गातो तो यमल आणि समूहात गातो तो वृंदगायन. उत्तम वृंद कोणता, ह्याचाही चोख हिशेब आहे. मुख्य गायक चार, त्यांना साथ देणारे आठ, गायिका बारा, बासरीवाले चार आणि मृदंगवाले चार, अशी एकूण बत्तीस माणसे.

पुढे वृंदाचे सहा गुण दिले आहेत. मुख्य गायकाला धरून चालावे, आवाज एकमेकांत मिळावेत, ताल सुटू नये, तिन्ही सप्तकांत पोहोचण्याची शक्ती असावी, आवाजांत सारखेपणा असावा. आणि सहावा गुण असा की एकाची त्रुटी दुसऱ्याने निभावून न्यावी. हा शेवटचा गुण लक्षात ठेवा. आजच्या साऱ्या वादाची किल्ली त्यात आहे, असे आम्हांला वाटते.

आता देवगिरीहून एकदम गोव्यात येऊ. बार्देश तालुक्यातील शिवोली गावचे रेमो फर्नांडिस हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. नाव ठाऊक नसले तरी आवाज ठाऊक असणारच. १९९५ साली ‘बॉम्बे’ चित्रपटातले ‘हम्मा हम्मा’ गाणे गल्लोगल्ली वाजले, तो आवाज त्यांचा. रेमोंचा जन्म १९५३चा. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात ते वास्तुशास्त्र शिकले आणि त्याच काळात ‘सॅव्हेजेस’ ह्या मुंबईच्या रॉक वाद्यवृंदात गाऊ-वाजवू लागले. त्या काळी अशा वृंदांची मातब्बरी होती. पण बहुतेक ठिकाणी गाणी साहेबाची आणि गळे आपले, असा प्रकार चाले. विलायतेत गाजलेली गाणी हुबेहूब उतरवली की वाहवा मिळे. स्वतःचे गाणे गाणाऱ्याला विचारतो कोण?

रेमोंपाशी सांगण्यासारखे स्वतःचे होते. गोव्याची माणसे, गोव्याचा समुद्र, पर्यटकांनी भरलेले किनारे, ह्यांवर त्यांना गाणी करायची होती. मुंबईच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांकडून दाद मिळाली नाही, तेव्हा त्यांनी शिवोलीच्या घरातच काम मांडले. १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ हा गीतसंग्रह निघाला. गाणी त्यांची, चाली त्यांच्या, सगळी वाद्ये त्यांनी वाजवलेली, सगळे आवाज त्यांचे, मुद्रण त्यांचे आणि वेष्टनावरचे चित्रही त्यांचेच. हे सर्व झाले ते चार पट्ट्यांच्या एका कॅसेट यंत्रावर. तयार कॅसेटी स्वतःच्या पिवळ्या स्कूटरवर लादून ते दुकानोदुकानी देत फिरले. पुढच्याच वर्षी ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आले, १९८६ साली अमली पदार्थांच्या विरोधातले ‘पॅक दॅट स्मॅक’ आले; आणि २००७ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

हे चार पट्ट्यांचे यंत्र म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. साध्या कॅसेटच्या फितीवर एका बाजूला दोन आणि उलटल्यावर दोन, अशा आवाजाच्या चार पट्ट्या असतात. ह्या यंत्रात फीत उलटत नाहीत. चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरतात. पहिल्या पट्टीवर ताल भरायचा. तो कानाला लावून ऐकत दुसऱ्या पट्टीवर गिटार वाजवायची. ती दोन्ही ऐकत तिसरीवर बासरी. मग तिन्हींचे मिश्रण चौथ्या पट्टीवर उतरवून घ्यायचे, की पहिल्या तिन्ही पुन्हा मोकळ्या. अशा रीतीने एकच माणूस अख्खा वृंद उभा करतो. ह्याची किंमतही मोजावी लागते. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते. आणि एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. भाजीत मीठ जास्त पडले तर काढता येत नाही, तसे. तेव्हा यंत्राने काम सोपे केले असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. तालावर आज जो भरवसा ठेवायचा, तो दहा दिवसांनी गायच्या ओळीचा अंदाज घेऊन ठेवावा लागतो. बत्तीस माणसांच्या वृंदाची शिस्त एकट्याच्या डोक्यात असावी लागते.

अशा एकल-यंत्र-संगीतावर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप, यंत्राचा सूर निर्जीव असतो. हा आक्षेप आपल्याकडे फार जुना आहे. हार्मोनियम परदेशातून आली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांखाली ती रंगभूमीची राणी झाली. तरी १९४०पासून १९७१पर्यंत आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले होते. ठेवलेले स्वर, मींड निघत नाही, हे दोष दाखवले गेले, आणि ते खोटे नव्हते. पण आज आपल्या भजनी मंडळातून पेटी काढून घ्या, आणि काय होते ते पाहा! इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचे तसेच. मिरजेच्या कारागिरांनी भोपळ्यापासून घडवलेल्या तंबोऱ्याची आस त्याला नाही. त्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते रास्तच आहे. पण दोन खोल्यांच्या घरात पहाटे रियाज करणाऱ्या मुलीला ती डबी षड्ज देते, हेही खरे आहे.

ह्या संदर्भात चरणजित सिंग ह्यांचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाजवणारे हे वादक. १९८२ साली त्यांनी तीन जपानी यंत्रे घेऊन भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. त्या यंत्रांपैकी एक यंत्र मुळात एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवलेले होते. त्या कामी ते फारसे कोणाला आवडले नाही. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आणि मींडेवर वाढलेल्या कानाने ती नेमकी हेरली. ही मुद्रिका तेव्हा कोणी फारशी विचारली नाही. पुढे काही वर्षांनी अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या तरुणांनी त्याच यंत्रातून एक नवा नृत्यसंगीतप्रकार काढला आणि तो जगभर गेला. २०१० साली चरणजितांची मुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. हे मुंबईत आधीच होऊन गेले होते! २०१५ साली ते वारले. सूर निर्जीव असतो की कान, हा प्रश्न येथे आम्हांला पडतो.

दुसरा आक्षेप, एकट्याने गीतसंग्रह काढणे हा साथीदारांशी द्रोह आहे. ह्यासाठी थोडे इंग्लंडात जाऊ. ऑक्सफर्डजवळच्या एका शाळेतल्या पाच मित्रांचा ‘रेडिओहेड’ हा रॉक वृंद. त्याचा गायक टॉम यॉर्क. त्याने २००६ साली ‘दि इरेझर’ नावाचा नऊ गाण्यांचा संग्रह स्वतःच्या नावावर काढला. संगणकावर तयार केलेले ठेके, कापून जोडलेले आवाजाचे तुकडे आणि त्यांवर त्याचा कातर गळा. लोकांना वाटले, संपला हा वृंद. परंतु त्या संग्रहाच्या पोटात शिरून पाहिले तर निराळेच दिसते. पहिल्याच गाण्याचे पियानोचे स्वर वृंदातल्या जॉनी ग्रीनवुडने वाजवलेले आहेत; यॉर्कने ते टिपून घेतले आणि तोडून-जोडून त्यावर गाणे उभे केले. आणखी एका गाण्यात वृंदातल्या इतर दोघांनी पूर्वी वाजवलेला तुकडा आहे. म्हणजे एकलाच्या घरात वृंद भाड्याने राहत होता, असे म्हणा ना! आणि वृंद मोडलाही नाही. पुढच्याच वर्षी, २००७च्या ऑक्टोबरात, त्यांचा नवा संग्रह आला. एकत्र कुटुंबातल्या मुलाने चार दिवस वेगळी चूल मांडून पाहिली, म्हणून वाटण्या झाल्या असे होत नाही.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या गोव्याने रेमो दिले, त्याच गोव्याने मुंबईच्या चित्रपटसृष्टीला वादकांच्या पिढ्या दिल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले थोर नाव. प्यारेलालजींसारखे शिष्य त्यांच्या हाताखाली व्हायोलिन शिकले. चर्चमध्ये स्वरलिपी शिकायची, मुंबईची गाडी धरायची आणि साठसत्तर वादकांच्या ताफ्यात जागा मिळवायची, ह्यावर शेकडो घरे उभी राहिली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत सिंथेसायझर आणि संगणक आले आणि व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा एका पेटीत बसल्या. ताफे विरळ झाले. कित्येकांचे तयार हात रिकामे झाले. आपल्या गावची वरात आठवा. पूर्वी सनई-चौघडा गेला आणि दहापंधरा माणसांचा बँड आला. आता तो बँडही मागे पडतो आहे आणि एका वाहनावर भिंतीएवढे कर्णे लावून एक माणूस बटणे फिरवतो आहे. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माणसाने काय करावे? त्याला ‘काळ बदलला’ एवढेच सांगून आपण हात झटकू शकत नाही.

येथे दोन गोष्टींचा घोटाळा होतो, तो सोडवला पाहिजे. शिवोलीच्या घरातल्या माणसाने कोणाचीही भाकरी काढून घेतली नव्हती. त्याच्या गाण्यांसाठी वादकांचा ताफा उभा करायला कोणी पैसे देणारच नव्हते. यंत्र नसते तर वादकांना काम मिळाले नसते, आणि गाणेही झाले नसते. वरातीतल्या बटणवाल्याची गोष्ट वेगळी. तेथे माणसे होती, ती काढली आणि त्यांच्या जागी यंत्र ठेवले. त्यात नवे गाणेही जन्मले नाही, फक्त आवाज मोठा झाला. एकाच यंत्राचे हे दोन उपयोग. तेव्हा आमच्या मते कसोटी अशी असावी : यंत्र आल्यामुळे जगात एक गाणे वाढले, की एक गाणारा कमी झाला?

आता शार्ङ्गदेवाच्या त्या सहाव्या गुणाकडे येऊ. एकाची त्रुटी दुसऱ्याने निभावून न्यावी. यंत्र सर्व काही करते. ताल सोडत नाही, थकत नाही, बिदागी मागत नाही. पण ते चुकीला सांभाळून घेत नाही आणि चुकलात असेही म्हणत नाही. तबलजी नुसती मान हलवतो, आणि गवयाला कळते की सम हुकली. सारंगिया दम टिकत नाही असे पाहून मागून स्वर भरतो. ही जी माणसाची माणसाला नजर असते, ती एकल गायकाने गमावलेली असते. त्याला ती दुसरीकडून मिळवावी लागते. रेमो स्कूटरवरून दुकानोदुकानी गेले, ते केवळ विक्रीसाठी असे आम्हांला वाटत नाही. ज्याच्या घरात साथीदार नाही, त्याला गावभर कान शोधावे लागतात. म्हणजे त्याचा सहावा गुण पुरवण्याचे काम श्रोत्यांकडे येते, तुमच्याआमच्याकडे येते.

म्हणून शेवटी श्रोत्यांपाशी दोन मागण्या. तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी रात्री कानाला यंत्र लावून संगणकावर काही स्वर जुळवत बसत असेल, तर ‘काय हा नाद!’ म्हणून दिवा मालवू नका. एकदा तरी समोर बसून ऐका, आणि न आवडले तर तसे सांगा. त्याला तबलजीची मान मिळेल. आणि घरी कार्य निघाले की कर्ण्यांची भिंत ठरवण्याआधी गावातल्या सनईवाल्याला, क्लॅरिनेटवाल्याला विचारून या. त्याची बिदागी यंत्रापेक्षा चार पैसे जास्त असेल. ते चार पैसे वृंदाचे आहेत असे समजा. एकलाला ऐकणारा हवा आणि वृंदाला पोसणारा हवा, आणि हे दोघेही ह्याच मांडवात बसलेले आहेत.