खावटी आणि आषाढ



खावटी म्हणजे काय, हे धारणीत सांगावे लागत नाही. पेरणी झाली, कणगी रिती झाली, नवे पीक दूर. अशा आषाढात पोटासाठी काढायचे ते खावटी कर्ज. सरकारची ती योजना 1978 साली सुरू झाली आणि पुढे बंद पडली.

2020 साली टाळेबंदी आली. किसान सन्मान योजनेचे दोन हजार एप्रिलात खात्यांत जमा झाले. पण ज्याच्या नावे जमीन, त्यालाच. परक्या शेतात राबणारा कोरकू मजूर त्यात बसेना. सप्टेंबरात राज्य सरकारने खावटी पुन्हा काढली, तीही कर्ज नव्हे, अनुदान म्हणून: कुटुंबामागे 4000 रुपये, निम्मे रोख, निम्मे धान्य-किराणा. रोजगार हमीवर राबलेला आदिवासी मजूर तिला पात्र ठरला. सातबारा नसलेल्या श्रमाची ही दखल मोलाची होती.

परंतु सप्टेंबर म्हणजे आषाढ गेलेला, आणि वाटप तर 2021 पर्यंत लांबले. उशिरा मिळालेल्या मजुरीला आपण थकबाकी म्हणतो. मग उशिरा आलेल्या खावटीला उपकार का म्हणावे? मागणी एवढीच: पुन्हा संकट आले तर यादी ग्रामसभेत वाचावी, आणि पैसा उपासाच्या महिन्यातच हाती पडावा.