इंजिन बदलले, टाकी तीच राहिली

(रेल्वे व टपाल खात्यातील मराठी भाषिक कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे संघटनेच्या एका शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सुरक्षितता’ असा विषय छापला आहे. मी वेतन, पेन्शन आणि बदल्यांवर बोलणारा माणूस आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी इंजिनिअर नाही. तरीही आज मोटारगाडीच्या पेट्रोलच्या वाफेवर बोलणार आहे. कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. आपल्यापैकी अनेकांनी फंडाच्या पैशातून जुन्या गाड्या घेतल्या आहेत. इंजिन बसले की भंगारातले दुसरे इंजिन टाकून त्या पुन्हा चालवल्या जातात. म्हणून हे सांगणे माझे कर्तव्य समजतो.

आमच्या शाखेकडे एक जुनी पेट्रोल व्हॅन होती, कार्ब्युरेटरची. २०१८ साली तिचे इंजिन कामातून गेले. नवे इंजिन परवडणारे नव्हते, म्हणून दुसऱ्या गाडीचे इंजेक्शनवाले इंजिन घेऊन बसवायचे ठरले. गॅरेजवाल्याने काम केले आणि मला विचारले, “साहेब, हा काळा डबा आणि या नळ्या उरल्या आहेत. पुन्हा बसवायच्या तर वायरिंग करावे लागेल, खर्च वाढेल. डबा नसला तरी गाडी चालते.” मी हिशेबाची वही बघितली आणि म्हणालो, “काढून टाका.” हे माझे शब्द आहेत. गॅरेजवाल्यावर ढकलून मला मोकळे होता येणार नाही.

टाकीकडून येणाऱ्या नळीच्या तोंडात त्याने एक बोल्ट ठोकला. मे महिना होता. आठवड्याभरात पंपावर झाकण उघडताना फुस्स आवाज झाला आणि पेट्रोल उसळून पंपावरच्या मुलाच्या हातावर आले. आम्ही तक्रार केली. गॅरेजवाल्याने बोल्ट काढला आणि नळी मागच्या सीटखाली मोकळी सोडून दिली. आता गाडीत वास यायला लागला. एका ट्रॅक मेंटेनर साथीचे कुटुंब त्या गाडीतून इस्पितळात गेले, तर वाटेत त्यांचे लहान मूल ओकले. आम्ही म्हणालो, उन्हाने झाले असेल.

मग एका संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून गाडी कार्यालयाच्या पडवीत उभी केली. पडवीला उतार आहे. मोकळ्या नळीतून पेट्रोल ठिबकत राहिले. आमच्या कार्यालयातल्या पोराने पाच पावलांवर चहासाठी स्टोव्ह पेटवला आणि जमिनीलगत ज्वाळ सरकत आली. वाळूच्या बादल्या जवळ होत्या म्हणून गाडी आणि दप्तर वाचले. पण त्याच्या पायाची पोटरी भाजली. तो पुष्कळ दिवस लंगडत होता. बादली उचलून धावणारा तोच होता, आणि डबा काढायला सांगणारा मी होतो.

त्यानंतर टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका साथीला आम्ही बोलावले. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिले आणि एकच वाक्य बोलले, “भाऊ, तुम्ही इंजिन बदललंत, टाकी नाही बदललीत. पेट्रोल तेच, ऊन तेच. मग वाफ जाणार कुठे?” साथींनो, सगळा विषय या एका प्रश्नात आहे. पुढे जे सांगतो ते त्यांच्याकडून शिकलेले आहे.

पेट्रोलची टाकी श्वास घेते. दिवसा तापली की वाफ बाहेर ढकलते, रात्री गार झाली की हवा आत ओढते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, म्हणून ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात, पडवीत साचते. डिझेलची ठिणगीने पेट घेण्याची पातळी आपल्याकडे ३५ अंश सेल्सिअसच्या वर धरली जाते; पेट्रोलची शून्याखाली सुमारे ४० अंश आहे. म्हणजे कडाक्याच्या थंडीतही पेट्रोलची वाफ पेटायला तयार असते. आपल्या सी अँड डब्ल्यूच्या साथींना टँक वॅगनमुळे हे ठाऊक आहे. त्यांच्यापैकी कोणी पेट्रोलच्या वॅगनजवळ बिडी पेटवत नाही. मग घरच्या गाडीजवळ आपण का विसरतो?

ही वाफ रोखण्यासाठी काळा डबा असतो, त्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यात सक्रिय कोळसा भरलेला असतो. कोळशाच्या कणाकणात अतिसूक्ष्म छिद्रे असतात, वाफ तिथे चिकटून राहते. डब्याला मुख्यतः तीन तोंडे असतात. एक टाकीकडून येणारे, दुसरे इंजिनकडे जाणारे आणि तिसरे ताजी हवा आत घेणारे. इंजिन गरम होऊन चालू लागले की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनच्या ओढीने ताजी हवा कोळशातून जाते, साठलेली वाफ सोबत घेते आणि ती इंजिनात जळते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९७० च्या मॉडेलपासून आणि पुढच्याच वर्षी साऱ्या देशाने अशी व्यवस्था सक्तीची केली. आपल्याकडे भारत स्टेज प्रमाणकांत पेट्रोल मोटारीच्या या वाफेला चाचणीमागे २ ग्रॅमची मर्यादा आहे. पण पीयूसीच्या तपासणीत फक्त सायलेन्सरचा धूर मोजला जातो, टाकीची वाफ नाही. तेव्हा पीयूसी मिळाली म्हणजे सगळे ठीक, असे समजू नका.

टपालवाल्या साथींसाठी दाखला देतो. कॅनिस्टर म्हणजे आर. एम. एस. चे सॉर्टिंग ऑफिस. थैल्या तिथे मुक्कामाला नसतात, गाडी येईपर्यंत असतात. गाडी आलीच नाही तर खोली भरते आणि थैल्या फलाटावर येतात. इंजिनाकडचे तोंड बंद करून नुसता डबा ठेवला तर तेच होते. रेल्वेवाल्यांसाठी दाखला अँगल कॉकचा. मध्ये एक कॉक बंद राहिला की मागच्या सगळ्या डब्यांचा ब्रेक गेला. पुढचे कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. टाकीपासून इंजिनापर्यंत सलगता हवी.

आता इंजिन बदलताना काय करायचे ते क्रमाने सांगतो. लिहून घ्या.

पहिले, कॅनिस्टर टाकीच्या मापाचा असतो, इंजिनच्या मापाचा नाही. तेव्हा टाकी जुनी असेल तर त्याच गाडीचा कॅनिस्टर ठेवा. पर्ज व्हॉल्व्ह मात्र नव्या इंजिनाच्या संगणकाला जुळणारा घ्या, कारण तो कधी आणि किती उघडायचा हे तो संगणक ठरवतो. व्हॉल्व्हची वायर जोडली नाही तर डब्यातली वाफ उपसली जात नाही आणि चेक इंजिनचा दिवाही लागू शकतो.

दुसरे, व्हॉल्व्ह न लावता डब्याची नळी थेट मॅनिफोल्डला जोडू नका. इंजिन सतत वाफ ओढत राहते, थंड असताना आणि आयडलवर मिश्रण बिघडते आणि इंजिन अडखळते. लोक दोष कॅनिस्टरला देतात, चूक जोडणीची असते. टर्बो इंजिन असेल तर उलट दाब डब्यात जाऊ नये म्हणून एकमार्गी व्हॉल्व्ह हवाच.

तिसरे, कार्ब्युरेटरच्या गाड्यांत काही डब्यांना कार्ब्युरेटरच्या वाटीकडून येणारे आणखी एक तोंड असते. इंजेक्शन इंजिन बसवल्यावर ते तोंड टोपी लावून बंद करा. पण ताज्या हवेचे तोंड कधीही बंद करू नका. ते बंद केले तर टाकी एक तर फुगते, नाही तर आत चेपते.

चौथे, टाकीवरचा गाडी उलटल्यास पेट्रोल अडवणारा व्हॉल्व्ह आणि मूळचे झाकण काढू नका. झाकणात दाबाचा आणि ओढीचा असा दुहेरी व्हॉल्व्ह असू शकतो. बाजारातले कोणतेही झाकण चालत नाही. नळी पेट्रोलच्या वाफेला टिकणारीच घ्या, क्लिप लावा आणि सायलेन्सरपासून दूर न्या. पाण्याची साधी नळी काही महिन्यांत चिरते.

पाचवे, पंपाचा नोझल एकदा बंद झाला की “अजून थोडं टाका” म्हणू नका. जास्तीचे पेट्रोल डब्यात शिरते आणि कोळसा निकामी होतो.

सहावे, पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवले तर वाफेची ही व्यवस्था लागत नाही, पण टाकीला हवेची वाट लागतेच. जुना डबा वाफेने भरलेला असतो. तो कचऱ्याबरोबर पेटवू नका. आणि पेट्रोलची टाकी रिकामी दिसली म्हणून तिला वेल्डिंग लावू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

सातवे, तपासणी. पर्ज व्हॉल्व्हला वीज नसताना त्यातून हवा जाता कामा नये. गळती शोधायला साबणाचे पाणी किंवा अगदी कमी दाबाचा धूर वापरतात. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा टाकीत सोडू नका. काम मोकळ्या हवेत करा, बॅटरीचे टर्मिनल आधी काढा, वाळू आणि अग्निशामक जवळ ठेवा. आणि नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायला कोणाही पोराला सांगू नका.

या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबतो. पेट्रोलमध्ये बेंझीन असते. त्याने रक्ताचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बेंझीनची विषबाधा हा कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदला गेला होता. पण गॅरेजच्या पोराची नोंद कोण करणार? त्याचे हजेरीपत्रकच नसते. आपण आपल्या खात्यात मास्क आणि हातमोजे मागतो, ते बरोबरच आहे. पण आपण काम देणारे होतो तेव्हा तीच मागणी विसरतो. दोनशे रुपये वाचवायला आपण दुसऱ्याचा पाय, दुसऱ्याचे फुप्फुस गहाण ठेवतो. मी तेच केले.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. इंजिन नंबर आर. सी. वर आला पाहिजे, विमा कंपनीलाही कळला पाहिजे. आमचे कागद अर्धवट होते. आग मोठी असती तर संघटनेला एक पैसा मिळाला नसता, आणि त्या पोरालाही नाही.

आमच्या गाडीचे पुढे काय झाले? दुसऱ्या गाडीतून तोच कॅनिस्टर मिळवला, नवा व्हॉल्व्ह आणि नळ्या घेतल्या, वायरिंग करून घेतले, कागद पुरे केले. वास गेला. वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च झाला. पोराच्या औषधोपचाराचा खर्च शाखेने दिला आणि कार्यकारिणीच्या सभेत मी चूक माझी म्हणून इतिवृत्तात लिहून घेतली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: गाडीतून काढलेला प्रत्येक भाग कशासाठी होता हे विचारल्याशिवाय बिल मंजूर होत नाही.

साथींनो, रुळावरचा एखादा बोल्ट जास्तीचा वाटला म्हणून आपण काढून खिशात घालत नाही. आधी की-मॅनला विचारतो. गाडीच्या बाबतीतही तेवढेच करा. आपल्या शाखेची गाडी असेल तर आज परत गेल्यावर वाकून बघा, काळा डबा जागेवर आहे का आणि त्याच्या नळ्या जोडलेल्या आहेत का. नसल्या तर माझ्यासारखी वाट बघू नका.