मोटारीचा पंखा फिरेनासा होतो तेव्हा



उन्हाळ्यात घाटाच्या चढणीवर बॉनेट उघडून उभी असलेली मोटार हे दृश्य ग्रामीण भागात नवे नाही. त्या मोटारीत तालुक्याहून जिल्हा रुग्णालयाकडे निघालेला रुग्ण असेल, तर ती का थांबली हा प्रश्न केवळ यंत्रशाळेपुरता उरत नाही.

इंजिनातील उष्णता पाणी वाहून नेते आणि रेडिएटरमध्ये ते पाणी हवेने निवते. मोटार वेगात असताना समोरचा वाराच हे काम करतो. पंख्याची खरी गरज भासते ती चढणीवर आणि बाजारपेठेच्या गर्दीत. म्हणूनच उभ्या गाडीत तापमानाचा काटा चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा.

जुन्या जीपचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. पट्टा तुटला की दोष डोळ्यांना दिसे. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० सारख्या, आडवे इंजिन असलेल्या मोटारींत मात्र पंखा विजेवर चालतो. पाणी साधारणतः ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच तो सुरू होतो. थंड इंजिनावर तो स्थिर दिसला, तर तो दोष नव्हे.

काटा लाल खुणेकडे सरकताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेले असते. झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन चेहरा व हात भाजतात. इंजिन पुरते निवेपर्यंत थांबणे हाच उपाय. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अकस्मात सुरू होतो, तेव्हा बोटे, पदर, उपरणे त्यापासून दूर ठेवावे.

इंजिन निवल्यावर प्रथम पाणी पाहावे. पाणी फार उतरले असेल, तर तापमान जोखणारा सेन्सर कोरडा राहतो आणि पंख्याला आज्ञाच मिळत नाही. नंतर फ्यूज. तो जळाला असेल, तर तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. जाड तार गुंडाळून काम भागवण्याची आपल्याकडची जुनी सवय येथे घातक ठरते, कारण मग फ्यूजऐवजी वायरिंग पेटते. फ्यूज शाबूत असल्यास रिले काढून त्याच क्रमांकाचा दुसरा लावून पाहावा.

वातानुकूलित गाडीत आणखी एक सोपी कसोटी आहे. बहुतेक गाड्यांत एसी चालू करताच पंखा फिरतो. तो फिरला, तर मोटर ठीक आहे; दोष बहुधा सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. न फिरल्यास मेकॅनिकने पंख्याचा जोड सोडवून त्याला बॅटरीचा थेट पुरवठा द्यावा. तरीही पंखा हलला नाही, तर मोटरच निकामी झाली असे समजावे. मोटर फिरली, तर सैल किंवा गंजलेला जोड शोधावा. पंख्याची तपासणी न करताच नवा रेडिएटर बसवला जातो, आणि तो खर्च मंजूरही होतो, हे खेदाने नमूद करावे लागते.

याहून मोठे नुकसान होते ते घाईने. साहेबांच्या बैठकीस उशीर होईल म्हणून चालक तापलेली गाडी तशीच दामटतो. अॅल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि किरकोळ फ्यूजपायी सारे इंजिन उघडावे लागते. येथे दोष एकट्या चालकाचा नसतो. काटा चढताच थांबण्याची मुभा त्याला लेखी असावी, गाडीत जादा फ्यूज व रिले असावेत आणि काटा चढल्याची नोंद लॉगबुकात व्हावी.

जवळच्या गावापर्यंत जाणे अटळच असेल, तर इंजिन निवल्यावर व पाणी भरल्यावर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि काचा खाली ठेवून, काट्यावर नजर ठेवत सपाट रस्त्याने जावे. पुढे घाट असेल आणि गाडीत रुग्ण असेल, तर दुरुस्तीची वाट न पाहता १०८ क्रमांकावर दुसरी रुग्णवाहिका मागवावी.