वीज परत येते तेव्हा

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्याने सातारा व सांगली जिल्ह्यांना पाणी दिले, तशी महाराष्ट्राला वीजही दिली. पाटण तालुक्यातील कोयना धरणाच्या पाण्यावर उभ्या असलेल्या वीजप्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडीत १९१० साली उद्योगाची वसाहत उभी राहिली आणि पुढे तिचे नाव पंपांशी कायमचे जोडले गेले. पाणी, वीज आणि पंप यांच्या बळावर नदीकाठचे ऊसमळे फुलले. तरीही एक साधा प्रश्न मागे उरतोच : गेलेली वीज परत आल्यावर पंप सुरू कोणी करायचा?

सौर कृषी वाहिन्यांमुळे अनेक ठिकाणी शेतीला दिवसा वीज मिळू लागली आहे. परंतु जेथे थ्री-फेज पुरवठ्याची पाळी रात्री येते, तेथे शेतकऱ्याला अपरात्री उसाच्या सरीतून विहिरीपर्यंत जावे लागते. वाटेवर विंचू-सापाचे भय, शिराळा-पाटणच्या डोंगरपट्ट्यात बिबट्याची धास्ती. स्टार्टरचे हिरवे बटन दाबून घरी परतावे, तोच वीज पुन्हा जावी, हाही नेहमीचाच अनुभव. या हालांतूनच ‘ऑटो स्विच’ आला. वीज येताच तो पंप आपोआप चालू करतो. त्याचा मोह समजण्यासारखा आहे.

मात्र स्टार्टरची मूळ रचना जाणीवपूर्वक याच्या उलट केलेली असते. पुरवठा गेला की त्यातील नो-व्होल्ट कॉइल सुटते आणि कोणी बटन दाबेपर्यंत मोटार बंद राहते. ऑटो स्विच हे संरक्षण बाजूला सारतो. त्याचे परिणाम एका शेतापुरते मर्यादित राहत नाहीत.

थोडा हिशोब पाहावा. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना सुमारे ७.५ अँपिअर प्रवाह घेते. थेट सुरू होताना मात्र क्षणभर त्याच्या पाच ते सात पट. ६३ के.व्ही.ए. क्षमतेचे रोहित्र, म्हणजे शेतकऱ्यांची ‘डीपी’, सुमारे ८४ अँपिअर पेलते. त्यावरील १० पंप चालू असताना ७५ अँपिअर लागतात, ते निभावते. परंतु वीज येताच दहाही पंप एकदम उठले, तर सहापट धरूनही मागणी ४५० अँपिअरवर जाते. दाब कोसळतो, मोटारी वेग घेत नाहीत, फ्यूज उडतात, मोटारींची वाइंडिंग जळते आणि वारंवार असे घडल्यास रोहित्रही निकामी होते. मग ज्याने ऑटो स्विच बसवलाच नाही, त्याचेही उभे पीक वाळते. म्हणूनच महावितरण ऑटो स्विच न वापरण्याचे आणि योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवण्याचे आवाहन करीत असते.

दुसरा धोका जिवाचा आहे. वीज नाही म्हणून कोणी मोटारीच्या दुरुस्तीत हात घालावा आणि त्याच क्षणी ती फिरू लागावी, असे घडू शकते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठचे असंख्य पंप पाण्याखाली गेले. भिजलेली मोटार तपासणीपूर्वी आपोआप सुरू झाली, तर ती जळते. शिवाय तिच्या अंगात वीज उतरण्याची भीती असते.

उपाय अवघड नाही. घरबसल्या पंप सुरू करण्यासाठी मोबाइल स्टार्टर उपलब्ध आहेत. त्यात निर्णय माणसाच्या हाती राहतो. आपोआप सुरू होण्याची सोय ठेवायचीच असेल, तर महावितरणच्या शाखा कार्यालयाशी विचारविनिमय करून प्रत्येक स्टार्टरवर विलंबाचा टायमर जाणकार तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावा. पहिला पंप एका मिनिटाने, दुसरा दोन मिनिटांनी, दहावा दहा मिनिटांनी. दहा मिनिटांच्या विलंबाने कोणाचे पीक वाळत नाही. हा क्रम एकट्या शेतकऱ्याला ठरवता येणार नाही. एका डीपीवरील सर्वांना एकत्र बसवून तो ठरवणे, हे पंचायत सदस्यांचे काम होय.

शाळेतील व ग्रामपंचायतीतील संगणकांनाही हाच न्याय लागू पडतो. वीज परत आल्यावर संगणकाने काय करावे, हे त्याच्या ‘बायोस’ या मूळ मांडणीत ठरवता येते. बंदच राहणे, आपोआप सुरू होणे किंवा पूर्वीच्या स्थितीत जाणे, असे तीन पर्याय बहुधा त्यात असतात. अहोरात्र चालणाऱ्या, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या संगणकाला आपोआप सुरू होणे योग्य. रात्री रिकाम्या खोलीत असणाऱ्या वर्गातील संगणकांनी बंद राहणेच बरे. वीज काही क्षणांतच पुन्हा जाण्याचा संभव असल्याने दोन्हींना यूपीएसची जोड हवी.

यंत्राला आज्ञा एकदाच दिली जाते, पण ते ती रोज पाळते. म्हणून कोणते यंत्र आपोआप सुरू व्हावे, किती विलंबाने व्हावे आणि कोणते माणसाची वाट पाहत थांबावे, याचा निर्णय वीज येण्यापूर्वीच, चार जणांच्या विचाराने झाला पाहिजे.