‘शट डाउन’ केलेला संगणक खरंच बंद होतो का?

(सोसायटीच्या सभागृहात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

चिटणीसांनी मला दहाच मिनिटं दिली आहेत, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

बी विंगमधल्या एका काकांचा लॅपटॉप फार रेंगाळू लागला होता. बँकेचं पान उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता निकाल दिला, “जुना झालाय, नवा घ्या.” काका मुदत ठेव मोडायच्या बेतात होते. म्हटलं, त्याआधी दोन आकडे तर बघू.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘सीपीयू’. खाली ‘अप टाइम’ दिसतो, म्हणजे विंडोज किती दिवस, तास, मिनिटं चालू आहे ते. काकांचा आकडा होता 41 दिवस! काका चिडलेच. “अहो, मी रोज रात्री बंद करूनच झोपतो!”

खरंच बोलत होते ते. गोम अशी, की 2012 साली विंडोज 8 बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असलं, की शट डाउन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आहे त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. संगणक लवकर सुरू होतो खरा, पण आत साठलेला गोंधळही तसाच परत येतो. अप टाइम शून्यावर येतो तो ‘रीस्टार्ट’ केल्यावर. थोडक्यात, शट डाउन म्हणजे नुसतं तोंड धुणं, आंघोळ होते ती रीस्टार्टने.

(जाता जाता एक गंमत. विंडोज 95 आणि 98 मध्ये हा वेळ मिलिसेकंदांत मोजला जायचा. 49.7 दिवसांनी मोजणीची जागा भरून जायची आणि संगणक अडकून पडायचा. पण तोवर सलग चालायचाच कुणाचा!)

रीस्टार्टने काकांचं निम्मं काम झालं. उरलेलं दुखणं ‘स्पीड’मध्ये सापडलं. त्याच्या शेजारीच ‘बेस स्पीड’ असतो, काकांचा 2.40 गिगाहर्ट्झ. संगणक रिकामा असताना स्पीड त्याच्या खाली उतरतो, ती वीजबचत. काम पडलं की वरही जातो, तोही आजार नव्हे. म्हणून हा आकडा काम चालू असतानाच बघायचा. व्हिडिओ लावला, चार-पाच पानं उघडली, तरी काकांचा आकडा 0.79 वरून हलेना. कारण लॅपटॉप गादीवर, खालची हवेची जाळी बंद, आणि पंख्यात दोन दिवाळ्यांची धूळ. तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कापतो. पंखा साफ करून घेतला, लॅपटॉप टेबलावर आला, आणि आकडा चढला. ठेव शाबूत आहे.

प्रत्येकाचं दुखणं हेच असेल असं नाही. त्याच खिडकीत ‘डिस्क’ सतत 100 टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर त्या जागी एसएसडी बसवून घ्या. तेव्हाही अख्खा संगणक बदलायची गरज पडेलच असं नाही.

आणि हो, यासाठी बाहेरून काही उतरवून घ्यावं लागत नाही. “तुमचा कॉम्प्युटर स्लो आहे, मी इथून तपासतो” असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आपले बँकेचे व्यवहार त्याच संगणकावर चालतात.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत, त्यांनी दाबा बघू ती तीन बटणं. कुणाचे किती दिवस निघतात?