बशीतला चहा

तुमच्या कार्यवाहांनी पत्रात लिहिलं होतं, मंडळ पुढच्या महिन्यात इंग्रज शेजाऱ्यांना दुपारच्या चहाला बोलावतंय, तेव्हा त्या रीतीभातींवर बोला. स्कोन म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्यांना मी सांगायला नको. बेडफर्डच्या सातव्या डचेसला, ॲना मारियाला, १८४०च्या सुमारास दुपारी चार-पाचला भूक लागायची, कारण रात्रीचं जेवण लांबत चाललं होतं, हेही बहुतेकांनी ऐकलेलं असेल. पण पत्रिकेच्या मसुद्यातला 'हाय टी' शब्द आधी काढा. आपल्याकडच्या हॉटेलांनी तो भारदस्त करून ठेवलाय. इथं तो कामगाराचं संध्याकाळचं जेवण होता: कामावरून दमून आल्यावर मांस, बटाटे, पाव आणि सोबत चहा. पाहुणे जेवायच्या तयारीनं आले तर पंचाईत होईल.

(श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं: सासरे भारतातून आलेत, ते बशीतूनच चहा पितात. मुलांना लाज वाटते. त्या दिवशी त्यांना कपातून प्यायला सांगू का?)

नका सांगू. मी तर म्हणेन, त्यांना पहिल्या रांगेत बसवा. चीनहून इथं पहिल्यांदा कप आले ते बिनकानाचे, छोट्या वाडग्यांसारखे. बशाही खोलगट असायच्या. अठराव्या शतकात इथली माणसं खुशाल बशीत ओतून प्यायची. चहाला 'डिश ऑफ टी' असंच म्हणत. पुढे कपाला कान आले, शिष्टाचार कडक झाला आणि बशी खालच्या वर्गाची ठरली. माझे आजोबा बशी दोन्ही हातांच्या बोटांवर तोलायचे, फुंकरीनं साय पलीकडच्या काठाला लावायचे आणि मग एकच लांब फुरका. एक थेंब सांडायचा नाही. ते पाहिलेल्या मला ही इंग्रजी हकिकत वाचून फार आनंद झाला. मुलांना ती सांगा. लाज आपोआप जाईल.

(प्रश्न: दूध आधी की नंतर?)

ऑर्वेलनं १९४६ साली लिहिलं, चहा आधी. ब्रिटिश मानक संस्थेच्या १९८०च्या पद्धतीत दूध आधी. डेव्हनमध्ये स्कोनवर आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. त्यांच्यातच एकमत नाही, मग तुम्ही कशाला घाबरता?

शेजाऱ्यांना सांगायचंच असेल तर कॅथरीनचं सांगा. १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सशी लग्न होऊन आलेली ही पोर्तुगीज राजकन्या. इथल्या दरबारात चहाची आवड तिनं रुजवली आणि तिच्याच हुंड्यात मुंबई इंग्रजांकडे आली. तिच्या भाषेत चहाला 'शा' म्हणतात. तो शब्द आणि आपला 'चहा', दोन्ही मूळचे चिनी 'चा'चे.

आणि ताई, हल्लीच्या बशा उथळ असतात, मधोमध कपासाठी खाच असते. त्यात ओतलं की सांडतं. चॅरिटी शॉपमध्ये जुन्या सेटातली खोलगट बशी मिळते का बघा. सासऱ्यांसाठी तेवढी एक आणून ठेवा.