दाण्यातले पाणी

‘पॉपकॉर्न’ हा शब्द आपल्याकडे सिनेमागृहाच्या वाटेने आला; वस्तू मात्र परकी नव्हे. तिला आपण लाही म्हणतो. संस्कृतातल्या ‘लाजा’ या शब्दापासून लाही आली, आणि लग्नातल्या लाजाहोमात तो मूळ शब्द अजून टिकून आहे. नवरीच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो आणि त्या अग्नीला अर्पण होतात. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या नि बत्तासे, गोपाळकाल्यात दह्याबरोबर ज्वारीच्या लाह्या, आणि नागपंचमी तर आपल्या मराठवाड्यात लाह्यांवाचून होतच नाही. मका त्या मानाने नवखा. तो अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांच्या काळात तो या देशात आला. पण त्याच्या मायदेशी त्याचीही लाही फार जुनी आहे. पेरू देशाच्या किनाऱ्यावर उत्खननात जी मक्याची कणसे मिळाली ती सहा हजार वर्षांहून जुनी आहेत, आणि तिथली माणसे तेव्हाही मक्याच्या लाह्या खात होती.

आता भाषेचा मास्तर लाह्यांवर काय बोलणार, असे तुम्ही म्हणाल. कारण साधे आहे. आमचे मुदखेड हे जंक्शनचे गाव. आदिलाबादचा फाटा इथूनच फुटतो, त्यामुळे गाडीची वाट पाहणारी मंडळी फलाटावर नेहमीच असतात, आणि वाट पाहणाऱ्या माणसाचे तोंड रिकामे राहत नाही. पूर्वी कागदाच्या पुड्यात फुटाणे, शेंगदाणे, लाह्या असत. आता दुकानाच्या दाराला रंगीत पाकिटांच्या माळा लटकलेल्या दिसतात. कॉलेजातली मुले सकाळी घरून निघतात ती उपाशी, आणि दहा वाजता त्यांच्या हातात ते पाकीट असते. मुलांना बोल लावून उपयोग नाही. भूक लागते आणि पाकीट हाताशी असते, एवढाच हिशेब. तेव्हा पाकिटाइतकेच हाताशी, पण पाकिटाहून चांगले असे काही घरात हवे. ते पाच मिनिटांत होते, आणि त्याला लागते काय? दाणा, त्याच्या पोटातले पाणी आणि आच. या तिघांवर जे काही चढते ते सगळे वरचे आहे. आजच्या भाषणात मला एवढेच सांगायचे आहे.

आधी पाण्याचे पाहू. वाळलेला दाणा आपल्याला कोरडा ठणठणीत वाटतो, पण तो तसा नसतो. लाहीच्या चांगल्या मक्यात वजनाच्या सुमारे चौदा टक्के पाणी असते. म्हणजे 50 ग्रॅम दाण्यांत 7 ग्रॅम, साधारण दीड लहान चमचा. आच लागली की या पाण्याची वाफ होऊ पाहते. पण दाण्याची साल टणक, ती वाफेला वाट देत नाही. आतला दाब वाढत जातो आणि पिठूळ गर शिजून मऊ होतो. 180 अंश सेल्सियसच्या सुमारास साल हार खाते, दाब एकदम सुटतो, आणि मऊ झालेला गर फुगून तिथल्या तिथे थिजतो. झाली लाही! आणि तो ‘फट्’ आवाज? तो साल फुटण्याचा असेल असे आपल्याला वाटते; पण 2015 साली फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी दाखवून दिले की हा आवाज वाफ निसटण्याचा आहे.

पाणी कमी असले तर दाब पुरत नाही. जास्त असले किंवा साल तडकलेली असली तरीही लाही नीट फुलत नाही. न फुटता तळाशी राहिलेल्या दाण्याला आपल्याकडे ‘गणंग’ असा फक्कड शब्द आहे. गणंग फार निघू लागले की आपण म्हणतो, माल खराब. पुष्कळदा माल खराब नसतो. उघडा राहून त्यातले पाणी उडालेले असते. अशा मक्यावर चमचाभर पाणी शिंपडा, बरणीचे झाकण घट्ट लावा, अधूनमधून हलवा आणि दोन-तीन दिवस थांबा. बहुतेक वेळा तोच मका फुलू लागतो.

हे शास्त्र आपल्या आज्या-पणज्यांना पाठ होते, बरं का! नागपंचमीच्या दिवशी चिरायचे नाही, तळायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून लाह्या आधीच फोडून ठेवायच्या. त्याच्याही आधी ज्वारीला गरम पाण्याचा हात द्यायचा, पाणी निथळू द्यायचे, दाणे फडक्यात बांधून रात्रभर दडपून ठेवायचे, आणि सकाळी वरचा ओलावा जाईपर्यंत सावलीत पसरायचे. ‘असं का?’ म्हणून विचारले तर उत्तर मिळे, ‘तसं केल्याशिवाय फुटत नाही.’ हे उत्तर अडाण्याचे नव्हे. वरून कोरडा आणि आतून ओलसर असा दाणा तयार करणे, हाच लाहीचा सगळा कारभार आहे.

आता त्या नव्या यंत्राकडे वळू. मायक्रोवेव्ह म्हटले की अजून काही जण दचकतात. त्यातून काही किरण अन्नात शिरून बसतात अशी समजूत आहे. श्रोत्यांना तरी त्याचे भय वाटू नये, कारण तुमच्या घरात रेडिओ येतो तो याच जातीच्या लहरींवर स्वार होऊन. मध्यम लहरींवरच्या केंद्राची कंपने सेकंदाला काही लाख, एफ.एम. केंद्राची दहा कोटींच्या आसपास, आणि या भट्टीची 245 कोटी. कुळी एकच, चाल तेवढी वेगळी. अन्नातल्या पाण्याचे कण या लहरींबरोबर इकडून तिकडे वळू पाहतात, त्या धडपडीतून उष्णता निर्माण होते आणि अन्न तापते. यंत्र बंद झाले की लहरीही बंद. रेडिओ बंद केल्यावर गाणे खोलीत उरत नाही, तसेच हे.

मौज अशी की या यंत्राच्या जन्माशीच लाहीचे नाते आहे. 1945 साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचे अभियंते रडारच्या यंत्रावर काम करीत होते. त्यांच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली, असे सांगतात. मग त्यांनी मक्याचे दाणे त्या लहरींपुढे धरले आणि लाह्या फुटल्या. लहरींनी अन्न तापवण्याच्या त्यांच्या रीतीला 1950 मध्ये पेटंट मिळाले. पिशवीतच लाह्या फोडण्याच्या कल्पनेला त्याच्या आदल्याच वर्षी मिळाले होते. म्हणजे आजचे पाकीट त्या पिशवीचे नातवंड म्हणायचे.

पण नातवंडाच्या अंगावर दागिने फार चढले! पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे कधी वाचा. दाणा असतो, पण त्याच्याबरोबर तेल, भरपूर मीठ, रंग, लोण्याचा नुसता वास देणारे द्रव्य असेही पुष्कळ काही असते. या वासाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2000 साली अमेरिकेच्या मिसुरी राज्यात लाह्यांच्या एका कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसाचा गंभीर विकार झाल्याचे उघडकीला आले. चौकशीत बोट वळले ते लोण्याचा वास देणाऱ्या डायॅसिटिल या द्रव्याच्या वाफेकडे. पुढे तिथल्या मोठ्या उत्पादकांनी ते वापरणे सोडले. विकार खाणाऱ्यांना नव्हे, दिवसभर ती वाफ हुंगणाऱ्या कामगारांना जडला, हे लक्षात ठेवले पाहिजे. उगाच घबराट नको. पण नुसत्या वासापायी माणसांनी श्वास गमवावा, हा सौदा काही चांगला नव्हे. दुसरी गोष्ट पिशवीची. तेल झिरपू नये म्हणून कागदाला जी फ्लोरीनयुक्त रसायने लावीत, ती शरीरात आणि पाण्यात वर्षानुवर्षे टिकतात. खाद्यवस्तूंच्या कागदासाठी त्यांची विक्री आपल्या देशात आता थांबली आहे, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केले.

त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे जैसलमेरला वस्तू व सेवा कर परिषद भरली, तेव्हा लाह्यांच्या कराचा खुलासा झाला. मीठमसाल्याच्या सुट्या लाह्यांना 5 टक्के, नाव छापून पाकिटात बंद केल्या तर 12, साखरेच्या पाकात घोळल्या तर 18, असे त्या वेळचे दर होते. लोक पुष्कळ हसले. मला मात्र त्यात आपला मुद्दाच दिसला: लाहीवर जसजसे चढत जाते तसतशी ती लाही उरत नाही.

तर आता प्रत्यक्ष कृती. कणसे भाजून खायचा मका इथे चालत नाही. लाह्यांचा मका निराळा, बारीक आणि कडक दाण्याचा. तो किराणा दुकानात सुटा मिळतो. मायक्रोवेव्हला चालणारे काचेचे मोठे, खोल भांडे घ्या. त्यात तीन-चार मोठे चमचे मका घाला. तेल नाही घातले तरी चालते. वर चिनी मातीची बशी पालथी ठेवा, वाफेला थोडी फट राहू द्या. पूर्ण आचेवर अडीच ते चार मिनिटे पुरतात. पण घड्याळापेक्षा कान जास्त विश्वासाचा. आधी एखादा दाणा फुटतो, मग सर येते, मग विरळ होते. दोन आवाजांमध्ये दोन सेकंदांचे अंतर पडू लागले की बंद करा. त्यापुढे थांबलात तर जळकट वास घरभर. भांडे चांगलेच तापते, तेव्हा मिनिटभर थांबून फडक्याने धरा, आणि बशी उचलताना तोंड बाजूला ठेवा. धातूचे भांडे, टाचणी मारलेली पिशवी आत नको. वर्तमानपत्राचा कागद तर नकोच. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून अन्न वर्तमानपत्रात गुंडाळू नये, असे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 सालीच बजावले आहे.

मायक्रोवेव्ह घरी नसेल किंवा वीज गेली असेल तर काही अडत नाही. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तेल, त्यात मका, वर सैल झाकण, मध्यम आच, आणि कढई मधूनमधून हलवायची. कुकर वापरलात तर झाकण नुसते वर ठेवा. लावू मात्र नका. ज्वारीला लोखंडी कढईच बरी. कढई खूप तापवा, एका वेळी मूठभरच ज्वारी टाका, काठीला सुती फडके गुंडाळून त्याने दाणे फिरवत राहा. ज्वारीची लाही मक्याहून लहान होते, पण तिची चव आपल्या मातीची असते. मीठ पाण्यात विरघळवून शिंपडा, म्हणजे थोडे पुरते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे लहान चमचाभर, आणि त्यात भाजी, लोणचे, भाकरी सगळे आले. वरून हळद, तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड, किंवा शेंगदाणे नि कढीपत्ता घातलात की चिवड्याची आठवण येत नाही.

गुण काय, तर लाही हे अख्खे धान्य आहे. कोंडा तिच्यातच असतो. तेलाशिवाय फोडलेल्या मक्याच्या 100 ग्रॅम लाह्यांत सुमारे 14 ग्रॅम तंतू आणि 12 ते 13 ग्रॅम प्रथिने असतात. आणि एका वेळी आपण खातो त्या 20-25 ग्रॅमच, पण वाटी दिसते भरगच्च. म्हणून पोट फसत नाही. तरी लाही म्हणजे औषध नव्हे. मधुमेहाच्या माणसाने तिलाही धान्यच समजून मोजून खावे. आणि चार वर्षांखालच्या मुलाला मक्याची लाही देऊ नका. ती घशात अडकते.

शेवटचा मुद्दा शेताचा. भाकरीला उत्तम ती ज्वारी लाहीला उत्तम असतेच असे नाही. लाहीला लहान, कडक दाणा लागतो. गेल्या तीन-चार दशकांत आपल्या खरिपातली ज्वारी हटत गेली आणि सोयाबीन आले. शेतकऱ्याने पैसा देणारे पीक घेतले, त्याला नावे कशी ठेवणार? पण ज्वारीबरोबर जनावरांचा कडबा गेला, आणि लाहीचे वाणही गेले. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून 2023 हे भरडधान्यांचे वर्ष पाळले. सभा झाल्या, मेजवान्या झाल्या. वाण मात्र सभेने टिकत नाही; कोणी ते मागितले, विकत घेतले, खाल्ले, तरच पुढच्या वर्षी कोणी पेरते. वर्षातून एकदा वारुळापुढे ठेवण्यापुरती लाही फोडली तर तेवढेच दाणे पेरले जातील, आणि एक दिवस तेही बाजारातून आणावे लागतील.

तेव्हा येत्या आठवडी बाजारात कोणी म्हातारी ज्वारीचे पोते सोडून बसली असेल, तर तिला एवढेच विचारा, ‘मावशी, याच्या लाह्या फुटतात का हो?’ फुटतात म्हणाली तर किलोभर घ्या, आणि कशा फोडायच्या तेही तिलाच विचारा. माझ्यापेक्षा ती नीट सांगेल.